चौदा नंबरचं चेंबर

५ जानेवारी, सोमवार

आज रुजू झाले आणि आजच घराची किल्लीही हातात पडली. बारा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडतंय. मागच्या गावात किल्ली मिळायला दीड वर्ष गेलं होतं, आणि मिळाली तेव्हा तिचा उपयोग नव्हता, कारण घराला दारच बसवलेलं नव्हतं. त्यामुळे आज नगरपालिकेच्या कारकुनाने टेबलावर किल्ली ठेवली तेव्हा मी ती आधी उलटसुलट करून बघितली. तो म्हणाला, मॅडम, खरी आहे.

घर नव्या वसाहतीतल्या पहिल्या इमारतीत आहे. बारा मजले, मजल्यावर सोळा घरं, आमचं सहाव्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला हातभर बाल्कनी. ऊन भरपूर. बाबांनी काठी टेकत सगळं घर पाहिलं, नळ सोडून पाहिले, फ्लश दोनदा ओढून पाहिला आणि राहायला हरकत नाही असा निकाल दिला. बाबा तीस वर्षं इस्पितळात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मी ड्रेनेज खात्यात. आमच्या घरात नाक फक्त चष्मा ठेवण्यापुरतं आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायातलं बळ गेलं. भावाच्या घरी दोन जिने आणि वहिनीच्या कपाळाला आठ्या, म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. इथे लिफ्ट आहे याचं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त कौतुक.

तळमजल्यावर नगराध्यक्षांचे सात फोटो ओळीने टांगलेत. सातही फोटोंत ते कशाची ना कशाची फीत कापताहेत. बाबांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव कात्रीसाहेब ठेवून टाकलं.

संध्याकाळी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू चहा घेऊन आल्या, मागोमाग त्यांचं मांजर. काकू एकट्याच राहतात. इमारत आठ महिन्यांत उभी राहिली, लोक राहायला येऊन सव्वा वर्ष झालं, आणि तेवढ्यात एकदाही कुणाचं काही तुंबलं नाही, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. नव्या इमारतीत पहिल्या वर्षी तुंबतंच. कुणी सिमेंटचा लगदा सोडून गेलेलं असतं, कुणी पोतं. पण पहिल्याच दिवशी खुसपट कशाला काढा. झोप छान लागणार आज.

८ जानेवारी, गुरुवार

वरिष्ठ अभियंत्यांना ऑफिसात सगळे होयबा म्हणतात, अर्थात पाठीमागे. माणूस वाईट नाही. नुसता मान हलवतो. त्यांच्याकडून वसाहतीचा ड्रेनेजचा नकाशा मागितला तर तो कपाटाच्या वर, फुलांच्या वाळक्या हारांखाली निघाला.

नकाशावर आमच्या इमारतीचं सांडपाणी एका मागून एक चौदा चेंबरांतून जातं. चौदा नंबरनंतर तुटक रेघ आहे, चार किलोमीटर लांब, शहराच्या मुख्य वाहिनीपर्यंत. तुटक रेघ म्हणजे काम व्हायचंय. पण लोकांना राहायला परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्रावर लिहिलंय, की जोडणी पूर्ण झाली. मी होयबांना विचारलं, हे कसं. ते म्हणाले, तुटक असली तरी रेघच आहे ना. आणि हसले. मीही हसले, नवी आहे म्हणून.

मग एकशे ब्याण्णव घरांचं सव्वा वर्षाचं जातंय कुठे, हे काही कुणी सांगेना.

१४ जानेवारी, बुधवार

आज मुकादमांना घेऊन सगळी चेंबरं उघडली. मुकादम म्हणजे आमच्या सफाई टोळीचे प्रमुख. पन्नाशीचे, बारीक, गुडघ्यापर्यंत गमबूट, बोलणं तोलूनमापून. तेरा चेंबरं त्यांनी मुकाट उघडली. आत जे असायचं तेच: झुरळं, साबणाची साय, केसांचे पुंजके. चौदाव्याशी येऊन ते थांबले आणि म्हणाले, हे राहू द्या मॅडम, याची कधी तक्रार नसते. मी म्हटलं, म्हणूनच उघडा.

आतली भिंत कोरी होती. सव्वा वर्ष मैला वाहतोय आणि भिंतीवर कण नाही, झुरळ नाही, वास नाही. चाटूनपुसून ठेवल्यासारखी. तळ बांधलेलाच नाही. पाइपातून येईल ते सरळ खाली करड्या चिखलावर पडतं आणि दिसेनासं होतं. आवाज होत नाही. मी दहा मिनिटं वाकून बघत होते. चिखल चढत नव्हता, उतरत नव्हता. मधूनमधून मात्र त्याचा पृष्ठभाग आवळायचा आणि सैल व्हायचा, आवंढा गिळताना गळ्याचं होतं तसा. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची किळस आली.

मग मुकादम बोलले. ही जागा म्हणजे दलदल होती, तळ कुणाला लागला नव्हता. कंत्राटदाराने ट्रकमागून ट्रक भराव टाकला. आज टाकला की उद्या गायब. तरी खांब उभे केले, कारण फीत कापायची तारीख जाहीर झाली होती. खांब खचायला लागले. त्याच सुमारास मजुरांच्या संडासाचा पाइप कुठे सोडायचा म्हणून पंधरा दिवसांची सोय समजून इथे सोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून खचणं थांबलं. सगळ्यांना कळलं, कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांची सोय अजून चालूच आहे.

मी त्यांना सांगितलं, की भुसभुशीत जमीन पाणी शोषते, यात भुताटकी काही नाही. ते म्हणाले, मी कुठे भूत म्हणालो.

२१ जानेवारी, बुधवार

सोमवारी रंगाची चाचणी घेतली. ही आमची नेहमीची रीत: सांडपाण्यात लाल रंग सोडायचा आणि आसपासच्या नाल्यांत, विहिरींत तो कुठे निघतो ते बघायचं. चौदा नंबरमध्ये बादलीभर रंग ओतला. दोन दिवस माझी माणसं पाच किलोमीटरपर्यंत हिंडली. कुठेही थेंब नाही.

आज दुपारी काकूंनी हाक मारली. त्यांच्या मोरीच्या जाळीभोवती लाल चिखलाचं कडं उमटलं होतं. बोटभर रुंद, ताजं, ओलं. सहावा मजला. पाणी वर चढत नाही, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. काकू म्हणाल्या, मांजर सकाळपासून जाळीपाशी बसून गुरगुरत होतं. मी फडक्याने पुसून घेतलं. फडकं हाताला कोमट लागलं. घरी येऊन तीनदा हात धुतले तरी जेवताना घास हाताने उचलवेना, चमच्याने खाल्लं. बाबांनी विचारलं, मेमसाहेब कधीपासून झालीस.

२४ जानेवारी, शनिवार

कात्रीसाहेबांची भेट मिळाली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण मला ताई म्हणाला. ऑफिसात वसाहतीचं मोठं प्रारूप काचेखाली ठेवलंय: कापसाची झाडं, प्लास्टिकची माणसं, एकाला लागून एक चार इमारती, कडेला रंगीत छपराची शाळा. माझं सगळं त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, मग म्हणाले, ताई, शहर वाढतंय, लोकांना डोक्यावर छप्पर हवंय, पाइप काय मागून येतोच. दुसरी इमारत तयार आहे, एक मार्चला उद्घाटन, एप्रिलमध्ये निवडणूक. एवढं होऊन जाऊ द्या.

बोलताना ते काचेवरची धूळ बोटाने पुसत होते आणि बोट सोफ्याला पुसत होते. इतकं निर्लज्ज, इतकं गोड बोलणं मी ऐकलेलं नाही. मी सांगून टाकलं, की दुसऱ्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रावर ड्रेनेजची सही माझी लागते, आणि पहिलीची खरी जोडणी झाल्याशिवाय ती मिळणार नाही. ज्यावर माणसं झोपताहेत ते काय आहे ते मी बघितलंय.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि होयबांना सांगितलं, की ताई म्हणताहेत तसं करा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

झालं. चार किलोमीटरची वाहिनी सोळा दिवसांत. अर्धी जमिनीवरूनच टाकलीय, मध्ये दोन पंप, सांध्यांना गोणपाटं गुंडाळलेली. पण जोडणी खरी आहे. मी स्वतः पार टोकाला उभी राहून पाणी येताना पाहिलं. चौदा नंबरकडे जाणारं तोंड विटांनी बंद केलं.

मुकादमांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मॅडम, त्याचं एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. मी म्हटलं, ते दुभतं जनावर आहे का. आज विटा लावताना ते आले नाहीत.

कात्रीसाहेब आले. त्यांनी गटाराच्या पाइपाला फीत बांधून ती कापली. होयबांनी टाळ्या वाजवल्या. वास एवढा, की छायाचित्रकार नाक दाबून एका हाताने फोटो घेत होता. बाबांनी हे ऐकलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ते म्हणाले, माझ्या लेकीने कात्रीसाहेबांना बरोबर जागी आणलं. फार छान वाटलं आज. लिहायलाच हवं, की मला माझा अभिमान वाटला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

इमारतीत वास सुटलाय. प्रत्येक मोरीत जाळीखाली थोडं पाणी साठून राहतं, ते गटाराचा वास अडवतं. ते पाणी सगळ्या घरांत एकदम नाहीसं झालंय. ओतलं की पाच मिनिटांत खालून ओढून घेतलं जातं, चहा बशीतून ओढावा तशा आवाजाने. लोक माझ्या दारावर येताहेत. सव्वा वर्षात असं नव्हतं, तुम्ही आलात आणि झालं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने तोंडावर सांगितलं.

वास गटाराचा नाही. गटाराचा मला ओळखता येतो. हा तोंडाचा आहे, सकाळी न धुतलेल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

साबण जातात. पुसायची फडकी जातात. आमची जाळी सकाळी उलटी पडलेली होती. जाळीखालचं भोक चार बोटांचं, त्यातून आख्खं फडकं कसं गेलं ते—

काकूंचं मांजर गेलं. दुपारी दीड वाजता, काकू मशीनवर बसलेल्या, मोरीतून एकच आवाज आला. त्यांना आत फक्त गळपट्टा मिळाला. तो मी हातात घेऊन पाहिला. एक केस नव्हता त्यावर. कोरा, ओला, कोमट. काकूंना मी सांगितलं, की मांजर खिडकीतून गेलं असेल. सहाव्या मजल्यावरून. त्यांनी गळपट्टा माझ्या हातातून काढून घेतला.

बाबांना सांगितलंय, मोरीत जाताना दार उघडं ठेवायचं, आणि मी घरी असतानाच अंघोळ करायची. ते म्हणाले, या वयात लाज तरी राहू दे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भर दुपारी मुकादमांना चौदा नंबरपाशी पाहिलं. खाटकाच्या दुकानातली आतडी बादलीत भरून आणलेली. झाकण सरकवून ओतत होते. चिखल वर आला होता. कडेपासून हातभर खाली होता आणि वाट बघत होता, दुसरा शब्द मला सुचत नाही.

मुकादम म्हणाले, रोज दहा बादल्या आणतो, पुरत नाही. तुम्ही आठ दिवस उपाशी ठेवलंत, आता ते शोधत फिरतंय. माझ्याबरोबर नगराध्यक्षांकडे चला, आत्ता चला, इमारत रिकामी करून घेऊ. मला तीन वाजता बैठक होती. मी म्हटलं, उद्या सकाळी नक्की जाऊ, तुम्ही घरी जा.

तळमजल्याची पायरी चार बोटं खाली गेलीय. आज मोजली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेनऊला गेले. झाकण उघडं. कडेला त्यांचे गमबूट, दोन्ही सरळ उभे, जोडीने, कुणी घालायला ठेवावेत तसे. मी हात घातला. आतून कोरे. कोमट.

तिथेच ओकले. मी जे ओकले ते चेंबरच्या कडेवरून आत ओघळलं, आणि चिखल त्याच्यासाठी वर आला.

होयबांना सांगितलं. ते म्हणाले, कुणी पडताना पाहिलंय का. नाही ना. मग रजेवर लिहू. लगेच लिहिलं. शाई वाळायला फुंकर मारली. त्या फुंकरीची मला मुकादमांच्या बुटांपेक्षा जास्त शिसारी आली.

मुकादमांची बायको दुपारभर ऑफिसच्या व्हरांड्यात बसली होती. डबा घेऊन. सकाळी न्यायचा विसरले म्हणून आणून दिलाय म्हणाली. मी तिच्यासमोरून दोनदा गेले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कात्रीसाहेबांना सांगितलं, इमारत रिकामी करा. आजच. एकशे ब्याण्णव कुटुंबं आहेत, माझे वडील आहेत. ते म्हणाले, एक तारीख होऊ दे. मी म्हटलं, वर्तमानपत्रात जाईन. त्यांनी खणातून कागद काढला. चौदा नंबर बंद करण्याचा आदेश, खाली माझी सही. ते म्हणाले, सव्वा वर्ष काही झालं नाही ताई. तुम्ही बंद केलंत आणि माणूस गेला. कुणाला काय सांगणार?

आवाज अजिबात चढला नाही. पाणी विचारलं. मी प्यायले, हेही लिहून ठेवते.

बाबांना भावाकडे पाठवावं म्हणून फोन केला. वहिनी म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मीच केलं. सकाळी अकराला, एकटीने. नव्या वाहिनीच्या तोंडात रबरी फुगा घालून हवा भरली, ती बंद केली. चौदा नंबरच्या विटा पहारीने फोडल्या. वरून सगळं परत पहिल्यासारखं खाली पडायला लागलं. चिखल दोन मिनिटं नुसता घेत राहिला. मग खाली बसला. उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. जमीन पायाखाली सैल झाली.

संध्याकाळी मोरीत पाणी टिकलं. वास गेला. लोक म्हणाले, मॅडमनी केलं. तिसऱ्या मजल्यावरच्याने माफी मागितली.

मला एवढं हायसं वाटलं, की माझीच मला किळस आली. पण हायसं वाटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पायरी रोज केसभर खाली जातेय. पूर्वीएवढं त्याला पुरत नाही. उपाशी राहिल्यावर भूक वाढते, बाबा म्हणतात इस्पितळात हे रोज बघायचे. मी हिशेब केला. दुसऱ्या इमारतीचीही घाण इथे सोडली तर टिकेल. बाबा टिकतील. भावाचा फोन येईपर्यंत तरी.

दुसऱ्या इमारतीच्या प्रमाणपत्रावर सही केली. जोडणी पूर्ण.

कात्रीसाहेबांनी फुलं पाठवली. चिठ्ठीत लिहिलंय, आता तुम्ही आमच्यातल्या झालात. फुलं मोरीत टाकली. गेली.

१ मार्च, रविवार

उद्घाटन. मंचावर माझा सत्कार. शाल. दोनशे कुटुंबं सामान घेऊन उभी. समोर बाबा नव्हते. पाय दुखतो, तू जा, म्हणाले. मी बारा चाळीसला घरी परत आले.

मोरीचं दार आतून लावलेलं. लाज तरी राहू दे म्हणाले होते. हाक मारली. काकूंना बोलावलं, दार पहारीने—

काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. टॉवेल दांडीवर. फरशी कधी नव्हती एवढी स्वच्छ. जाळी उलटी.

चार बोटांचं भोक आहे. चार बोटांचं.

२ मार्च

होयबा आले होते. सांत्वनाला, म्हणाले. वडील फिरायला बाहेर पडले आणि परतले नाहीत असं लिहू या का, म्हणाले. कागद आणलेला. लिहिलेलाच होता.

मी सही केली. मला त्यांना घराबाहेर काढायचं होतं.

उद्या सगळ्यांना सांगणार. दोन्ही इमारती. प्रत्येक दार वाजवून. मग होऊ दे माझं काय व्हायचं ते.

३ मार्च

सकाळी आठला निघाले. चपला घालत होते. मोरीतून बाबांनी विचारलं, दूध आलं का.

मी हो म्हणाले.

दिवसभर जाळीपाशी बसले. कुणालाही सांगायला गेले नाही.

४ मार्च

आवाज त्यांचाच. खोकला त्यांचा. माझं पाळण्यातलं नाव घेतात, ते कागदावर कुठेच नाही. म्हणतात, ओलं आहे, गरम आहे, पाय दुखत नाही आता. मुकादमही आहेत, म्हणतात. भला माणूस.

भूक लागते फक्त. सारखी—

५ मार्च

मला माहीत आहे ते बाबा नसतील. शिकलेली बाई आहे मी.

पण असले तर.

६ मार्च

भिंतीला तडे. लोक सामान बांधताहेत. एकतीस घरं गेली. प्रत्येक घर गेलं की बाबांचा आवाज बारीक होतो. दुपारी नुसता श्वास येत होता. मी माझं जेवण ओतलं. केस कापून टाकले. पुरलं नाही.

खाली फाटकाशी जाऊन उभी राहिले. सांगितलं, मी ड्रेनेजची अभियंता आहे, माझं घर इथेच आहे, इमारत सुरक्षित आहे, मी लेखी देते. बरेच थांबले. काकूंची ट्रंक लिफ्टने खाली आली होती. त्या म्हणाल्या, तू म्हणतेस तर राहते. मी ट्रंकेला एका बाजूने हात लावला. दोघींनी मिळून परत घरात नेली.

७ मार्च

काकूंची मशीन सकाळपासून वाजत नाही.

बाबांचा आवाज आज छान मोकळा आहे.

८ मार्च

कात्रीसाहेबांनी तिसऱ्या इमारतीचा नकाशा घरी पाठवला. तातडीचा शिक्का. ड्रेनेजची रेघ कुठे जाते ते आता कुणी विचारणार नाही. विचारणारी मीच होते. सही केली, बाबांना वाचून दाखवला. मजले, घरं, सगळं. ते ऐकत होते. जाळी किंचित उचलली होती.

म्हणाले, एवढ्याने दोन महिने जातील. मग.

मी सांगितलं, शेजारी मोकळा भूखंड आहे, प्रारूपात त्यावर रंगीत छप्पर आहे, शाळेसाठी राखीव. सहज सांगितलं.

आता विचारताहेत, शाळेत मुलं किती ये—